वायंगणकरांची इंटरलाकेनची गाडी

गोपीनाथ वायंगणकरांचा मला सुरुवातीला फार राग यायचा, हे आधीच कबूल केलेलं बरं.

१९९३ साली आम्ही दुबईत अल मनखूलच्या ज्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो, तिथं ते आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहत. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. उंची बेताची, केस चापून बसवलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. बर दुबई भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत ते चौथ्या काउंटरवर बसत आणि आगगाडीची तिकिटं विकत. ज्या देशात तेव्हा रुळाचा एक तुकडाही नव्हता, तिथं बसून हा माणूस आगगाडीची तिकिटं विकतो, याचीच मला पहिल्यांदा गंमत वाटली. पण धंदा जोरात होता. हिवाळ्याच्या सुटीत युरोपात बर्फावर घसरायला जाणारी मंडळी दुबईत पुष्कळ. विमानानं पॅरिसला नाहीतर फ्रांकफुर्टला उतरायचं आणि तिथून ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीत बसून थेट डोंगराचा पायथा गाठायचा. या सगळ्या गाड्या वायंगणकरांच्या हातातून सुटत.

राग यायचा तो त्यांना सगळं माहीत असायचं म्हणून. माझी बायको वैभवी एकदा लिफ्टमध्ये सहज म्हणाली, "कधीतरी पॅरिसला जायचंय हो." झालं! तिसऱ्या मजल्यापासून तळमजला येईपर्यंत वायंगणकरांनी तिला पॅरिसहून आल्प्सला जाणाऱ्या तीन गाड्या, त्यांचे थांबे आणि जेवणाचा डबा कुठल्या गाडीला असतो, कुठल्या नसतो, हे सगळं ऐकवलं. "आणि वहिनी, बोर्डावर प्लॅटफॉर्मचा नंबर वीस मिनिटं आधी लागतो. तोवर लोक उगाच धावत सुटतात. तुम्ही धावू नका." आम्ही जाणार कुठंच नव्हतो आणि धावण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरी लिफ्टचं दार पायानं अडवून ते आणखी दोन मिनिटं बोलत राहिले.

शिवाय माझं स्वतःचं एक दुखणं होतं. मी एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनियर. दुबईकरांना थंडी पुरवण्यावर माझं पोट चालतं. तीच थंडी तिकीट काढून खायला लोक आल्प्सपर्यंत का जातात, हे मला समजत नसे आणि समजून घ्यायचंही नव्हतं.

वायंगणकरांची सगळी मदार एका लाल कव्हरच्या जाडजूड पुस्तकावर होती. ते युरोपभरच्या गाड्यांचं टाइमटेबल. नवी आवृत्ती आली की ते जुनी घरी आणत आणि रद्दीत न घालता पलंगाखाली रचत. त्यांचा दबदबाही साधा नव्हता. सात वर्षांत त्यांनी पाठवलेल्या एकाही माणसाची गाडी चुकली नव्हती.

अल कुसैसमध्ये मोठं किचन चालवणारे, कंपन्यांना जेवण पुरवणारे आमचे गुणवंतशेठ एकदा पॅरिसच्या स्टेशनावर हरवले. त्यांनी तिथून थेट काउंटरवर फोन लावला.

"गोपीनाथ, इथं जंगल आहे रे नुसतं! कुठं जाऊ?"

"शेठ, समोर काय दिसतंय?"

"मोठं घड्याळ."

"त्याच्याकडं पाठ करा. आता सरळ चालत सुटा आणि लोकांना धक्के द्यायला लाजू नका."

शेठना गाडी मिळाली. परत आल्यावर मंडळाच्या गणपतीत त्यांनी हा किस्सा माइकवरून सांगितला आणि शेवटी स्वतःच्या मनानं जोडून दिलं, "हा माणूस दहा वेळा जाऊन आलाय हो तिथं!" तेव्हापासून ते सगळ्या दुबईला माहीत झालं. वायंगणकर तिथंच बसले होते. त्यांनी नुसतं पेनाचं टोपण काढून परत लावलं.

२००० सालच्या डिसेंबरात रमजानची ईद आणि शाळांची सुटी एकत्र आली. गुणवंतशेठ घरचे अकरा जण घेऊन स्वित्झर्लंडला बर्फात जायला निघाले. वैभवीनं मला न विचारता आमची दोन नावं त्यांच्यात घातली. पंधरा जणांचा ग्रुप झाला तर म्होरक्याचं तिकीट फुकट, असं एजन्सीच्या कागदावर होतं. शेठनी टेबलावर हात आपटला.

"खलास! गोपीनाथ, तूच चल. पोरीलाही घे, म्हणजे पंधरा झाले. तुला काय, पायाखालची वाट."

"शेठ, ऑफिसात कामं आहेत हो," वायंगणकर म्हणाले.

"तुझ्या मॅनेजरशी मी बोलतो. इन्शाल्ला नाही, आत्ताच बोलतो."

आणि ते खरंच बोलले.

आठवड्याभरानं मी आमचे पासपोर्ट द्यायला एजन्सीत गेलो. जर्मनीचा वेगळा, स्वित्झर्लंडचा वेगळा, असे दोन-दोन व्हिसे लागणार होते. व्हिसाचं काम बघणाऱ्या कमरुद्दीनच्या टेबलावर सगळ्यांचे पासपोर्ट पडले होते. वायंगणकर जागेवर नव्हते. दहा वेळा म्हणजे नक्की किती वेळा, ते मोजून बघावं अशी दुष्ट इच्छा मला झाली. मी त्यांचा पासपोर्ट उघडला. दुबई, मुंबई, दुबई, मुंबई. बाकी सगळी पानं कोरी.

"क्या ढूंढ रहे हो साब?" कमरुद्दीन मान वर न करता म्हणाला. "खाली है. ऑफिस में सबको मालूम है. गोपीभाई का दिल मत तोडना."

मला मात्र दिल तोडायची भयंकर घाई झाली होती. इतकी वर्षं लिफ्टमध्ये अडकवून हा माणूस आपल्याला ज्ञान पाजत होता! त्याच संध्याकाळी मी खाली जाऊन त्यांची बेल वाजवली. ते घरात एकटेच होते. त्यांची बायको स्मिता नर्स होती, ती ड्यूटीवर गेली होती, आणि मुलगी क्लासला.

"वायंगणकर, तुम्ही युरोपात कधी गेलाच नाहीत?"

"नाही," ते म्हणाले. इतक्या सरळ, की माझी पुढची दोन वाक्यं वाया गेली.

"मग लोकांना सांगता कशाला?"

"मी कुणाला सांगितलं, सुजीतराव? आठवून बघा."

मी आठवून बघितलं. खरंच, एकदाही नाही. गाडी इतक्याला सुटते, दार अमुक बाजूला उघडतं, एवढंच ते सांगत. 'मी गेलो होतो' हे शब्द आम्हीच आमच्या पदरचे घातले होते.

"एकीला मात्र सांगितलंय," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "पर्णिका चार वर्षांची होती. स्मिता ड्यूटीवर गेली की ही झोपायची नाही. मला राजाराणीच्या गोष्टी येत नाहीत. मग मी तिला गाडी सांगायचो. फ्रांकफुर्टहून निघाली, मानहाइम आलं, कार्ल्सरूह आलं, फ्रायबुर्ग आलं. इंटरलाकेन येईपर्यंत ती झोपायची. एकदा इंटरलाकेनच्या अलीकडं, स्पीझला उठून बसली आणि म्हणाली, बाबा, तू बसला होतास या गाडीत? मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर झोपली नसती हो."

"मग पुढं कधीतरी सांगायचं."

"पुढं जागाच मिळाली नाही. आता ती अकरा वर्षांची आहे. शाळेत तिनं निबंध लिहिला, माय फादर अँड द आल्प्स. टीचरनी वर्गात वाचून दाखवला." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तिथं चौदा जण माझ्याकडं बघणार. मी कुठंतरी चुकलो तर तिला कळेल. बाकी कुणाला कळलं तर कळू दे. तेवढी पोरगी सोडून."

मला लाज वाटली. मी गप्प राहायचं वचन देऊन टाकलं. वचन पाळायला मी फार थोर आहे अशातला भाग नाही, पण आता हा माणूस ते कसं निभावतो हे मला बघायचं होतं.

पुढचा दीड महिना वायंगणकरांनी कसून अभ्यास केला. युरोपातून परत आलेल्या गिऱ्हाइकांना चहा पाजून ते वकिलासारखी उलटतपासणी घेत. "डब्याच्या दाराला बटण होतं ना? दाबलं की लगेच उघडलं, की थांबावं लागलं?" गिऱ्हाइकाला वाटे, यांना माहीतच आहे, नुसती खात्री करून घेतायत. घरी आले की ते आमच्या लिफ्टचं बटण हलक्या बोटानं, सवय असल्यासारखं दाबून बघत. एका जागी मात्र त्यांचा अभ्यास कमी पडला, तो म्हणजे गुणवंतशेठचं सामान. अकरा जणांच्या तेवीस बॅगा. त्यातल्या दोनमध्ये तांदूळ, भडंग, मेतकूट आणि पाच लिटरचा कुकर. शेठच्या पत्नी सुलक्षणावहिनी म्हणाल्या, "तिथं एक साधी सूपची वाटी बारा दिरम्सला, म्हणजे दीडशे रुपये! त्यात माझा अख्खा कुकर भरून खिचडी होते."

फ्रांकफुर्टच्या विमानतळाखालीच स्टेशन आहे. वायंगणकर सगळ्यांच्या पुढं असे निघाले, की जणू वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे आणायला चाललेत. प्लॅटफॉर्मवर त्यांनी आम्हाला, आपला डबा कुठं थांबणार ते दाखवणाऱ्या एका अक्षराच्या पाटीखाली उभं केलं आणि घड्याळ बघितलं. गाडी आली. आमच्या डब्याचं दार थेट गुणवंतशेठच्या पोटासमोर येऊन थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वायंगणकरांनी हलक्या बोटानं बटण दाबलं. दार उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम होता तो मला एकट्यालाच दिसला.

"माय फादर नोज एव्हरी स्टेशन," पर्णिकानं शेठना सांगितलं. ती घरी-दारी इंग्लिशच बोलायची. मराठी तिला सगळं समजे, पण तोंडून निघत नसे.

आमचा डबा अगदी पुढचा, इंजिनाला लागून. गाडीनं वेग घेतला. डब्यातल्या बोर्डावर अडीचशेचा आकडा आला आणि सुलक्षणावहिनींनी भडंगाचा डबा उघडला. वायंगणकर दर स्टेशनाच्या दोन मिनिटं आधी नाव सांगत आणि ते स्टेशन निमूटपणे येऊन हजर होई. शेठ म्हणाले, "च्यायला, ड्रायव्हर याला विचारून चालवतोय की काय!" सगळे हसले. वायंगणकरांना ते ऐकूच आलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. उतारावरचे द्राक्षांचे मळे, चर्चचे निमुळते कळस, पलीकडं लांब ढगात शिरलेले डोंगर. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. दहा वेळा आलेल्या माणसाचं तोंड असं उघडं राहत नाही, म्हणून मी जोरात खोकलो. त्यांनी तोंड मिटलं. शेजारी पर्णिका बापाकडं बघत होती.

दुपारी बासेल आलं. अर्धी गाडी रिकामी झाली. "इथं अकरा मिनिटं थांबते," वायंगणकर म्हणाले. "आता पुढं ओल्टन, मग बर्न." बाहेर पहिल्यांदाच बर्फ दिसला, प्लॅटफॉर्मच्या कडेला झाडून लावलेला, जरासा मळका. वैभवी त्याचे फोटो काढायला लागली.

इतक्यात इंजिनाचं दार उघडलं. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं दाराला कुलूप घातलं, बॅग खांद्याला लावली आणि आमच्या खिडकीखालून शीळ घालत गाडीच्या शेपटीकडं चालता झाला. वायंगणकर उठून दारात गेले आणि वाकून पुढं बघितलं. इंजिनाच्या कपाळावर मघाशी पांढरे दिवे होते. आता ते शेपटीच्या दिव्यांसारखे लाल झाले होते. वायंगणकर परत आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्यांची चूक कुठं झाली ते मला फार नंतर समजलं. त्यांच्या लाल पुस्तकात गाडी पानाच्या वरून खाली जाते. फ्रांकफुर्ट वर, इंटरलाकेन तळाला. गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे त्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नसतं. सात वर्षं त्या पानांवरून खाली घसरणाऱ्या माणसाला गाडी आल्या दिशेनं निघते म्हणजे ती पुन्हा पानाच्या वर चालली, एवढंच कळत होतं.

"शेठ," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गाडी परत चाललीय. फ्रांकफुर्टला. उतरा! यल्ला, यल्ला, सगळे उतरा!"

दुसरं कोणी ओरडलं असतं तर आम्ही चार प्रश्न विचारले असते. वायंगणकर म्हणाले म्हटल्यावर प्रश्न कसला? पंधरा माणसं, आमच्या धरून सत्तावीस बॅगा आणि हातात सहा मिनिटं. शेठच्या भावानं बॅगा खिडकीतून फेकायचा प्रयत्न केला, पण या गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत. सुलक्षणावहिनी भडंगाचा डबा छातीशी धरून उतरल्या. मी इंजिनियर माणूस. गाडीला दोन्ही टोकांना इंजिन असतं, ते फ्रांकफुर्टला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण मला एक शब्द सुचला नाही, कारण मी कुकर उतरवत होतो.

शेवटची बॅग बाहेर पडली आणि दारं मिटली. गाडी हलली आणि खरोखरच आल्या दिशेनं निघून गेली.

"बघितलंत?" वायंगणकर धापा टाकत म्हणाले. "गेली परत!"

"हबीबी!" गुणवंतशेठनी त्यांना मिठीच मारली. "अरे, तू नसतास तर पोचलो होतो आम्ही परत विमानतळावर!" सुलक्षणावहिनींनी त्यांच्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आयुष्यात वायंगणकरांचा इतका मान कधी झाला नसेल. तो साधारण तीन मिनिटं टिकला.

गणवेशातली एक बाई आमच्याकडं आली. तिनं आधी बॅगा बघितल्या, मग कुकर, मग आम्हाला.

"व्हेअर आर यू गोइंग?"

"इंटरलाकेन," शेठ ऐटीत म्हणाले.

बाईनं लांब जाणाऱ्या गाडीच्या ठिपक्याकडं बोट केलं. "दॅट वॉज इंटरलाकेन."

मग तिनं शांतपणे समजावून सांगितलं. जर्मनीहून येणारी गाडी या स्टेशनात ज्या बाजूनं शिरते, त्याच बाजूनं बाहेर पडते आणि पुढं वळून आपल्या वाटेला लागते. इथं जर्मन ड्रायव्हर उतरतो आणि दुसऱ्या टोकाला स्विस ड्रायव्हर चढतो. एव्हरी डे, ती म्हणाली, आणि शिट्टी गळ्यात अडकवून निघून गेली.

धावपळ थांबल्यावर थंडी वाजायला लागली, ती बुटातून वर चढत गेली. माझ्या धंद्यातली थंडी बटण दाबलं की बंद होते, हिला बटणच नव्हतं. वायंगणकर बिनबाह्यांच्या स्वेटरवर उभे होते. कोट बॅगेत होता आणि ती बॅग बाकीच्या सव्वीस बॅगांखाली होती.

"गोपीनाथ," शेठ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "तू दहा वेळा आलायस ना रे इथं?"

"अहो शेठ, पूर्वी ही गाडी सरळ..." मी मध्ये पडलो. मनापासून खोटं बोलायला निघालो होतो मी, वायंगणकरांसाठी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

पर्णिका बॅगांच्या ढिगावर बसली होती. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. उत्तर शेठना द्यायचं होतं, पण ते तिच्याकडं बघून बोलले.

"मी इथं कधीच आलो नव्हतो. आज पहिल्यांदाच आलो. तुला हो म्हणालो होतो, ते खोटं होतं."

पर्णिकानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"आय नो, बाबा."

"कधीपासून?"

"सिन्स आय वॉज सिक्स."

"मग तो निबंध? टीचरनी वाचलेला?"

"सो? आय गॉट एटीन आउट ऑफ ट्वेंटी."

"पण तुला कळलं कसं? स्टेशन चुकलं होतं का माझं एखादं?"

"नो, स्टेशन्स वेअर परफेक्ट," ती म्हणाली. "बट इन युअर स्टोरीज नोबडी वॉज एव्हर कोल्ड."

यावर शेठना काहीतरी बोलायचं होतं. सुलक्षणावहिनींनी त्यांचा दंड धरला, तेव्हा शेठनी स्वतःच्या डोक्यावरची माकडटोपी काढून ती वायंगणकरांच्या डोक्यात कानांच्या खालपर्यंत ओढून बसवली. टोपीतून नुसता चष्मा दिसत होता. तो ओला झाला होता आणि पुसायला बोटं वळत नव्हती.

पर्णिकानं बॅगांवर सरकून त्यांना जागा केली. ते बसले. मग ती त्यांना चिकटली आणि आम्हाला कोणालाही तिच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती अशा मराठीत म्हणाली, "बाबा, आता ती गोष्ट परत सांग. थंडी घालून."

पुढच्या गाडीला एक तास होता.